पाऊस कोठे लिहायचा?

आमचा प्रीकास्ट, म्हणजे आधीच साच्यात ओतून तयार केलेल्या, काँक्रीटचा कारखाना चाकणच्या थोडा पुढे आहे. नाल्यांवर आणि रस्त्यांखाली बसवायचे आरसीसीचे (सळई घातलेल्या काँक्रीटचे) बॉक्स, पावसाळी गटारांचे तुकडे आणि त्यांवरची झाकणे एवढे आम्ही तयार करतो. माझ्याकडे गुणवत्ता विभाग आहे, त्यामुळे कारखान्यासाठी सॉफ्टवेअर निवडण्याच्या कामाशी माझा संबंध येईल असे कोणालाच वाटले नव्हते. ते काम हिशेब विभागाचे समजले गेले होते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मालकांनी तीन कंपन्यांना एकाच दिवशी प्रात्यक्षिकासाठी बोलावले, तेव्हा मीच त्यांना जाऊन सांगितले की मला त्या खोलीत बसायचे आहे आणि माझ्याबरोबर यार्डचे मुकादमही बसतील. मालकांनी कारण विचारले नाही, कारण मे महिन्यात काय घडले होते ते त्यांना पुरते ठाऊक होते.

त्या मे महिन्यातल्या एका दिवशी आम्ही दोन बाय दोन मीटर आतल्या मापाचे नऊ बॉक्स ओतले. भिंत 200 मिलिमीटरची आणि लांबी दीड मीटर, म्हणजे एका बॉक्सला 2.64 घनमीटर काँक्रीट लागते आणि त्याचे वजन साधारण साडेसहा टन भरते. आमचा मिक्सर अर्ध्या घनमीटरचा असल्याने नऊ बॉक्ससाठी 48 बॅच, म्हणजे मिक्सरचे 48 घाणे, झाल्या. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे दिवसाला 16 ते 30 घनमीटर काँक्रीट ओतले जात असेल तर किमान तीन नमुने घ्यावे लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे दाबून ताकद तपासायचे ठोकळे, भरावे लागतात. ते सर्व रीतसर झाले. दुपारी मात्र वळवाचा पाऊस आला. क्रश सँडचा, म्हणजे दगड चुरून केलेल्या वाळूचा, ढीग उघड्यावर होता. वाळूत पाणी शिरले की मिक्सरमध्ये सोडायचे पाणी तेवढे कमी करावे लागते, नाहीतर सिमेंटच्या मानाने पाणी जास्त होते आणि काँक्रीटची ताकद घटते. ओलाव्याची ती दुरुस्ती त्या दिवशी झाली नाही.

सातव्या दिवशी तिसऱ्या नमुन्याचे क्यूब कमी ताकदीचे निघाले. तो आकडा मी माझ्या रजिस्टरमध्ये लिहिला आणि त्याखाली सही केली. डिस्पॅचचे रजिस्टर वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाकडे होते. दहाव्या दिवशी दोन ट्रेलर आले आणि प्रत्येकी तीन बॉक्स घेऊन गेले, कारण कागदावर ते बॉक्स ओतल्या दिवसापासूनच ‘स्टॉक’ होते. अठ्ठाविसाव्या दिवशी, एम 40 चे, म्हणजे 40 मेगापास्कल ताकदीचे, काँक्रीट असताना, त्या नमुन्याची सरासरी 32 आली. तोपर्यंत सहा बॉक्स रस्त्याखाली बसले होते आणि त्यांवर भराव पडला होता.

नऊपैकी कोणते बॉक्स पावसाआधीचे आणि कोणते नंतरचे, हे सांगणारी एकही नोंद आमच्याकडे नव्हती. बॅचिंग प्लँटच्या संगणकावर प्रत्येक बॅचची वेळ होती, परंतु ती बॅच कोणत्या मोल्डमध्ये (साच्यात) गेली हे नव्हते. कास्टिंगच्या रजिस्टरमध्ये मोल्डचे क्रमांक होते, परंतु वेळ नव्हती. मुकादमकाका मात्र ठाम होते. ते म्हणाले, “मॅडम, पाऊस आला तवा आपण सहाव्या मोल्डवर होतो. पहिल्या पाचांना काय धक्का नाही.” ग्राहकाच्या अभियंत्याने हे मान्य केले नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही केले नसते. आठवणीवर रस्ता खुला करता येत नाही.

म्हणून सर्व नऊ बॉक्समधून प्रत्येकी तीन कोअर, म्हणजे ताकद तपासण्यासाठी ड्रिलने कापलेले काँक्रीटचे दंडगोल, काढायचे ठरले. नियम असा आहे की कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के तरी भरली पाहिजे आणि एकही कोअर 75 टक्क्यांखाली जाता कामा नये. दोन मीटर उंचीच्या बॉक्समध्ये माणूस उभा राहू शकतो, त्यामुळे आतून कोअर काढणे शक्य होते, परंतु बॉक्सचा क्रमांक आम्ही बाहेरच्या बाजूला रंगवत होतो आणि ती बाजू आता मातीत गेली होती. निव्वळ क्रमांक वाचण्यासाठी दोन दिवस कडेची माती उकरावी लागली. अहवाल आला तेव्हा पहिले पाच बॉक्स उत्तम निघाले, नंतरचे दोन जेमतेम उतरले आणि दोन नापास झाले. त्यांतला एक जमिनीत होता. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात तो उकरून काढून त्याजागी दुसरा बसवताना मी तेथे उभी होते. काकांची आठवण अक्षरशः खरी ठरली होती, आणि तरीही ती आम्हाला काही उपयोगाची नव्हती. याचे मला त्या दिवशी जितके वाईट वाटले तितके नुकसानीच्या आकड्याचेही वाटले नाही.

त्यामुळे ऑक्टोबरमध्ये मी प्रात्यक्षिकासाठी त्या एका दिवसाची कागदपत्रे तयार केली. बॅचच्या 48 नोंदी, नऊ बॉक्स, क्यूबचे निकाल आणि दोन चलने, ग्राहकाचे नाव वगळून. ओतण्याचा क्रम काकांनी सांगितला तसा मी त्यात भरला. तिन्ही कंपन्यांना मी एकच प्रश्न विचारणार होते: 32 व्या बॅचचा क्यूब कमी आला आहे, तर संशयित बॉक्स कोणते आणि ते या क्षणी कोठे आहेत?

सकाळी आलेले प्रतिनिधी एका नामांकित उत्पादनाचे विक्रेते होते. त्यांचे हिशेबाचे काम खरोखर भक्कम होते. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची पुसता न येणारी नोंद राहणे 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक झाले आहे आणि पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) लागू झाले आहे. या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वच्छ करून दाखवल्या आणि आमचे हिशेबनीस सुखावले. उत्पादनाकडे आल्यावर मात्र अडचण दिसू लागली. आम्ही काँक्रीट घनमीटरमध्ये मोजतो, सळई किलोमध्ये, बॉक्स नगावर, वाहतूक टनांवर, आणि बिल धावत्या मीटरवर करतो. त्यांच्याकडे एका मालाला एक मूळ एकक आणि एक पर्यायी एकक एवढीच सोय होती. माझ्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर होते ‘नऊ’, कारण त्यांच्या रचनेत दिवसभराचे काँक्रीट हा एकच लॉट होता. हे उत्तर चूक म्हणता येणार नाही, पण तेवढे तर आम्हाला मे महिन्यातही माहीत होते.

तेवढ्यात काका, जे तोवर एक शब्दही बोलले नव्हते, पुढे झुकून म्हणाले, “साहेब, ह्याच्यात पाऊस कुठं लिहायचा?”

प्रतिनिधींनी शेऱ्याचा रकाना दाखवला. तेथे काहीही लिहिता येते, असे ते म्हणाले. काहीही लिहिता येणाऱ्या रकान्यातून नंतर काहीही शोधता येत नाही, हे रजिस्टरांवर नऊ वर्षे काढल्यावर मला वेगळे कळायला नको होते.

दुसऱ्या कंपनीने आमच्या चालू टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोडता येईल असा भाग आणला होता. किंमत सर्वांत कमी होती. बॉक्स ओतल्यावर तो लगेच पाठवण्याजोगा मानू नये, हे त्यांत कसे बसवायचे असे मी विचारले, तेव्हा त्यांनी औषधांसाठी असलेला मुदत संपण्याच्या तारखेचा रकाना उलट्या अर्थाने वापरण्याचा सल्ला दिला. मला त्या क्षणी आमच्या मालाचे वेगळेपण जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी कधी दिसले नव्हते. बहुतेक माल तयार झाल्या दिवसापासून जुना होत जातो. आमचा माल मोल्डमधून निघतो तेव्हा अपुरा असतो आणि दिवस जातील तसा पक्का होत जातो. उचलण्यापुरती ताकद दुसऱ्या दिवशी येते, पाठवण्याइतकी काही दिवसांनी, आणि ज्या ताकदीचे आपण पैसे घेतो ती अठ्ठाविसाव्या दिवशी सिद्ध होते. हे वय ज्याला समजत नाही त्या सॉफ्टवेअरने आमचे यार्ड चालवू नये, एवढे माझ्यापुरते तेव्हाच ठरले.

तिसरी कंपनी पुण्यातली, लहान. त्यांनी रेडीमिक्स प्लँटसाठी, म्हणजे तयार ओले काँक्रीट गाडीने पोचवणाऱ्यांसाठी, काम केले होते. त्यांचे पडदे अगदी साधे होते, रंगीत आलेख जवळजवळ नव्हतेच. माझे कागद हातात घेतल्यावर त्यांच्या अभियंत्याने प्रात्यक्षिक थांबवले आणि यार्ड पाहता येईल का असे विचारले. तो तासभर काकांबरोबर हिंडला. एका बॉक्सचे काँक्रीट संपले आणि बॅचमध्ये माल उरला तर तो पुढच्या मोल्डमध्ये जातो, हे त्याने गॅन्ट्रीखाली उभे राहून पाहिले. परत आल्यावर तो म्हणाला की एका बॉक्सला अनेक बॅच आणि एका बॅचला अनेक बॉक्स, असे दुहेरी नाते येथे धरावे लागेल. रेडीमिक्समध्ये बॅच गाडीला जोडलेली असते, येथे ती मोल्डला जोडायची. जेवणानंतर त्याने आमची 48 बॅचची माहिती भरून पडद्यावर 32 वी बॅच उघडली. खाली दोन क्रमांक आले, सहा आणि सात. बरोबर होते, कारण त्या बॅचचा बराच माल सहाव्यात संपून उरलेला सातव्यात गेला होता.

काकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्या मुलाने रकाना दाखवला नाही. पाऊस आला की नेमके काय बदलते, असे त्याने मला विचारले. मी वाळूच्या ओलाव्याचे सांगितले. तो बराच वेळ टाइप करत राहिला. मग त्याने दाखवले की पाऊस ही वेळेसह एक वेगळी नोंद राहील, आणि ती पडल्यावर ओलाव्याची नवी चाचणी नोंदवेपर्यंतच्या सगळ्या बॅच आणि त्यांतून भरलेले सगळे बॉक्स आपोआप थांबवलेले दिसतील. त्याने त्या दिवशीची पावसाची वेळ भरली. ती 29 व्या बॅचची होती. पडद्यावर सहा, सात, आठ आणि नऊ हे क्रमांक आले, आणि प्रत्येकासमोर तो यार्डात आहे की कोणत्या ट्रेलरवर गेला हेही आले.

काका चष्मा वर करून पडद्याकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, “हेच चार.”

निर्णय त्या दिवशी झाला नाही. त्याला दोन आठवडे लागले आणि मालकांच्या शंका रास्त होत्या. कंपनी लहान होती, उद्या बंद पडली तर काय करायचे? त्यामुळे रोजच्या माहितीची पूर्ण प्रत आमच्या संगणकावर, कोणत्याही साध्या तक्त्यात उघडेल अशा रूपात उतरली पाहिजे, ही अट करारात घातली. हिशेब टॅलीतच ठेवायचे आणि ई-इन्व्हॉइस तेथूनच काढायचे, म्हणजे एकाच बिलाची दोन ठिकाणी नोंद होणार नाही, असे ठरले. ई-वे बिलासाठी (वाहतुकीत मालाबरोबर लागणाऱ्या सरकारी दस्तऐवजासाठी) बॉक्सचे बाहेरचे माप नोंदीतच ठेवण्याचा आग्रह मी धरला, कारण साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते, पण वाहनाच्या परवानगीच्या मापाबाहेर जाणाऱ्या अखंड मालाला 20 किलोमीटरलाच एक दिवस धरतात, आणि आमचे तीन मीटरचे बॉक्स त्यात येतात. त्या कंपनीने वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवर दर लावला नव्हता, ही गोष्ट माझ्या मते किमतीपेक्षा महत्त्वाची होती. माणशी दर असला की मालक आपोआप चार जणांनाच पासवर्ड देतात, आणि मोल्डजवळ उभा असलेला माणूस त्या चौघांत कधीच नसतो.

सगळे सुरळीत झाले असे नाही. बॉक्सवर चिकटवलेले क्यूआर कोड क्युरिंगच्या (काँक्रीट ओले ठेवण्याच्या) पाण्याने निघून आले, म्हणून आता क्रमांक ओल्या काँक्रीटमध्येच, आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना उमटवतो. मोल्डचे नियोजन त्या सॉफ्टवेअरमध्ये अजूनही कच्चे आहे आणि ते मी फळ्यावरच करते.

2024 च्या मे महिन्यात पुन्हा वळवाचा पाऊस आला. मी प्रयोगशाळेत होते. माझ्या फोनवर यार्डमधून नोंद आली: पाऊस, 3 वाजून 40 मिनिटे, बॅच 17 पासून पुढे. मी वाळूचा नमुना घ्यायला बाहेर पडले तेव्हा काका ढिगावर ताडपत्री ओढत होते आणि मिक्सर थांबलेला होता.