दहा ओळींत बसेना

गेल्या आठवड्यात गावच्या वाचनालयाच्या सचिवांचा फोन आला. वर्धापनदिनाला गावातल्या चार जणांचा सत्कार ठरलाय, त्यात मी एक. "दहा ओळींचा परिचय धाड रे. मोठी मोठी कामं लिही, वाचायला बरं दिसतं." मी तेव्हा फोंड्याच्या मासळी बाजारात बांगड्यांचा भाव करत होतो. हो म्हटलं.

रात्री कागद घेऊन बसलो. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल, २००१. आधी मुंबई हाय, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातलं तेलक्षेत्र, मग आखात, मधली दोन वर्षं स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन, पुन्हा आखात. २८ दिवस पाण्यावर, २८ दिवस घरी. तीन ओळींत कारकीर्द संपली आणि पेन अडलं.

दाखवण्यासारखं मोठं काम एक आहे. समुद्रातला तेल काढायचा प्लॅटफॉर्म एकसंध नसतो. तळाशी खांब ठोकून उभा केलेला पोलादी सांगाडा म्हणजे जॅकेट आणि त्याच्यावर यंत्रं, पाईप, टाक्या, कधी राहायच्या खोल्या असलेला भाग म्हणजे टॉपसाइड. हे काही हजार टनांचं धूड जॅकेटवर चढवायला प्रचंड क्रेन लागते. ती नसेल तर 'फ्लोट-ओव्हर' करतात. टॉपसाइड बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, लादून आणायचा, भरतीच्या पाण्यावर बार्ज जॅकेटच्या पायांच्या मधोमध घुसवायची आणि मग बार्जच्या टाक्यांत पाणी भरत जायचं. बार्ज इंचाइंचाने खाली बसते, टॉपसाइडचे पाय जॅकेटच्या तोंडांत टेकतात आणि रिकामी बार्ज खालून निसटून बाहेर येते.

आमच्या बाबांचा सगळा जन्म मांडवी नदीतल्या बार्जवर गेला. आमोण्याला खनिज भरायचं, मुरगावला नेऊन रितं करायचं. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांची बार्ज नदीकाठी गंजत उभी राहिली आणि ते घरी बसले. फ्लोट-ओव्हरचा व्हिडिओ मी त्यांना मोबाईलवर दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमची बार्ज भरली की बसायची. तुम्ही रिती करायला बसवता?" आणि लगेच, "भरती कितीला होती?"

आमच्या मीटिंगमध्येही सगळ्यात आधी हाच प्रश्न असायचा. भरतीचं वेळापत्रक लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं. पण त्या दिवशी माझं काम काय, तर एका पायाजवळ उभं राहून वॉकीटॉकीवर अंतर सांगणं. चाळीस सेंटीमीटर, पस्तीस, तीस. हे परिचयात कसं लिहिणार?

लोकांना आम्हाला प्लॅटफॉर्मवर नेणाऱ्या हेलिकॉप्टरचं फार कौतुक. त्यात बसायच्या आधी ते पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं, हे शिकावं लागतं आणि दर चार वर्षांनी पुन्हा उजळणी. हेलिकॉप्टरसारखा एक डबा, त्यात आपण पट्टा बांधून बसलेले, डबा तलावात सोडतात आणि पाण्याखाली उलटा करतात. पाणी नाकातून थेट मेंदूत गेल्यासारखं वाटतं. एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा बकलवर. डबा फिरायचा पूर्ण थांबेपर्यंत बकल उघडायचं नाही. मी लहानपणापासून देवळाच्या तळीत पोहलेला, मला वाटलं हे आपल्या हातचा मळ. पहिल्याच खेपेला घाईने बकल सोडलं, तरंगलो आणि वर कुठलं, खाली कुठलं तेच कळेना. पाणबुड्याने कॉलर धरून बाहेर काढलं. माझ्यासोबतचा राजस्थानचा इलेक्ट्रिशियन, ज्याला पोहण्याचा प ठाऊक नव्हता, तो सांगितल्याबरहुकूम बसून राहिला आणि शांतपणे खिडकीतून बाहेर आला. आता आपल्या गोव्यात बेतुललाही असं समुद्रातून जीव वाचवायचं शिक्षण देणारं केंद्र आहे, ओएनजीसीचं, २०२४ मध्ये सुरू झालेलं. पोहणाऱ्या गोंयकारांनी तिथे जाऊन एकदा स्वतःचा गर्व उतरवून घ्यावा.

दाढीचंही सांगतो, कारण सगळे विचारतात. आखातातल्या बऱ्याच तेलात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. शंभर पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, वर गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं, वास थांबतो आणि माणसाला वाटतं धोका टळला. म्हणून छातीवर मीटर आणि कमरेला मास्क. दाढी असली की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. माझे सगळे फोटो गुळगुळीत दिसतात ते त्यामुळे.

आता मुख्य गोष्ट. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थवर आग लागली. जखमी स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर उतरवायला आलेलं जहाज पाईपवर आदळलं, गॅस पेटला, दोनेक तासांत सगळा प्लॅटफॉर्म गेला, २२ माणसं गेली. आदल्या दिवशीच मुंबई बुडाली होती. मी जुहूला हेलिकॉप्टरची वाट बघत अडकलो होतो, दुसऱ्याच प्लॅटफॉर्मवर जायचं होतं. तरी आईने पुढचे सहा महिने मला फोनवर नोकरी सोड म्हणून सांगितलं.

ॲबर्डीनला असताना एका पावसाळी रविवारी हेझलहेड पार्कमध्ये आगीत गेलेल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मचं स्मारक पाहिलं. ६ जुलै १९८८, १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, त्याजागी नुसती झाकणपट्टी लावलेली. व्हॉल्व्हच्या कामाच्या परवानगीचा कागद, म्हणजे परमिट, वेगळा, पंपाचा वेगळा. रात्रपाळीच्या हाती एकच लागला आणि त्यांनी पंप सुरू केला. स्मारकावर कोरलेली नावं मी मोजली नाहीत, पण मोजायची सवय तिथूनच लागली असावी.

कारण काही वर्षांनी आखातात एका शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी सगळं बंद ठेवतात तेव्हा, एका मोठ्या टाकीत माणसं उतरणार होती. टाकीला येणारी प्रत्येक लाईन पोलादी चकती घालून बंद करतात, तिला आम्ही ब्लाइंड म्हणतो. ड्रॉइंगवर चौदा. मी टॉर्च घेऊन फिरलो, तेरा भरले. पुन्हा मोजले, तेरा. परमिटवर सही केली नाही. बारा माणसं हेल्मेट घालून टाकीच्या तोंडाशी बसलेली, शटडाऊनचा एकेक तास पैशांत मोजलेला आणि साहेब माझ्यावर असा ओरडला की मेसमधला कुक बाहेर येऊन बघू लागला.

तीन तासांनी कळलं, चौदावी लाईन अस्तित्वातच नव्हती. कधीतरी कापून टाकलेली, ड्रॉइंगवरून पुसायची राहिली. म्हणजे धोका शून्य. मी तीन तास फुकट घालवले होते आणि पुढचे दोन दिवस मला सगळे 'चौदा नंबर' म्हणून हाक मारत होते.

पण कागद इथे खोटा तर आणखी कुठे खोटा, हे डोक्यातून जाईना. शटडाऊन संपल्यावर मागे लागून परवानगी काढली आणि एका फोरमनला घेऊन तीन आठवडे लाईन-लाईन चालत ड्रॉइंगवर लाल खुणा केल्या. उन्हाने पाईप असे तापलेले की हातमोज्याशिवाय बोट लावता येईना. एके ठिकाणी उलटं निघालं. कागदावर मेलेली लाईन प्रत्यक्षात जिवंत होती, आत गॅसचा दाब.

त्या चतुर्थीला मी घरी नव्हतो. गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात ती माटोळी व्हिडिओवर पाहिली. मेसमधल्या त्याच कुकने आईला फोन लावून खतखतें, म्हणजे आमची मिसळ भाजी, शिकून घेतलं आणि तिरफळं नव्हती म्हणून मिरी घातली. आईला ते अजून सांगितलेलं नाही.

काल सचिव भेटले देवळाकडे. तीन ओळींचा कागद त्यांनी खिशातून काढला.

"इतकंच? मी 'आखाती देशांत उच्च पदावर' असं घातलंय, चालेल ना?"

"चालेल."

"ती लाईन सापडल्याचं तू मागे सांगितलेलंस, पण ते लोकांना कळणार नाही रे." कागद घडी करून परत खिशात गेला. "बरं, केन्ना वता परत?"

"सतरा तारखेला."

"मग सत्कार अठराला आहे की!"