अंगणातले गिनीपिग: खुराड्याची नोंद, फेब्रुवारी ते दिवाळी

फेब्रुवारी: जागा आणि चौकट

पुण्यातलं अंगण, दोन माद्या. जागा ठरवताना एकच गोष्ट पाहायची: दुपारी बारा ते पाच तिथे ऊन येतं का? सकाळचं कोवळं ऊन तासभर आलं तर हरकत नाही, पश्चिमेचं अजिबात नको. गिनीपिग बाहेर ठेवण्याबद्दलची बहुतेक माहिती थंड देशांतली असते, त्यामुळे तिचा सगळा भर ऊब देण्यावर असतो. आपल्याकडे आधी ऊन, मग ओल, आणि थंडी सगळ्यात शेवटी. मूळ अँडीज पर्वतातल्या उंच, गार मुलखातला हा प्राणी. त्याला 18 ते 24 अंश मानवतं. घाम येत नाही, धाप टाकूनही अंग फारसं निवत नाही, त्यामुळे 28च्या पुढे उष्माघाताची भीती खरी आहे.

चौकट 6 फूट बाय 3 फूट. उंची पुढे अडीच फूट, मागे दोन, म्हणजे छपराचं पाणी मागच्या बाजूला उतरतं. पाय दोन फुटांचे, त्यामुळे खालून वारा खेळतो आणि घुशीला थेट तळ पोखरता येत नाही. प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत, मुंग्यांसाठी. वाटीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं, नाहीतर डास होतात.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी. कोंबडी जाळी स्वस्त पडते, पण तिच्या तारा नुसत्या पिळलेल्या असतात. मांजर किंवा मुंगूस जोर लावून ती ताणतं आणि उंदराची पिल्लं तर सरळ आतच जातात. जाळी चौकटीच्या बाहेरून लावा. बाहेरच्या जनावराचा धक्का मग लाकडावर येतो, खिळ्यांवर येत नाही. स्टेपलच्या पिना उपसून येतात. त्याऐवजी जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी दाबून दर चार इंचांवर स्क्रू. दाराला दोन कड्या, वर आणि खाली. एकच कडी असली की दाराचा मोकळा कोपरा वाकतो आणि फट पडते.

तळाला जाळी कधीही नको. विष्ठा आपोआप खाली पडते खरी, पण तारेवर सतत उभं राहून तळपायाला फोड येतात, ते चिघळतात आणि महिनोन्‌महिने बरे होत नाहीत. इथे 12 मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लाय आहे, कडा लाकडी पट्टीने झाकलेल्या, कारण उघडी कड कुरतडली जाते. झोपायच्या कोपऱ्यात दोन फूट बाय दीड फुटाचा शहाबादी फरशीचा तुकडा. वजन चांगलंच भरतं, म्हणून त्याच्याखाली एक आडवी रीप जास्तीची.

मार्च ते मे: ऊन

आधी वर पत्रा होता, तो मार्चमध्येच काढला. पत्रा दुपारी तापतो आणि सगळी धग खाली टाकतो. त्याच्या जागी मंगलोरी कौलं आणि वर दीड फूट अंतर सोडून 75 टक्क्यांची हिरवी शेडनेट. नेट कौलांवरच पसरली तर उपयोग निम्मा होतो, मधून हवा वाहायला हवी.

थर्मामीटर फरशीपासून चार इंचांवर, प्राण्याच्या उंचीला. माणसाच्या उंचीवरचं तापमान इथे कामाचं नाही. नियम ठरलेला: फरशीजवळ 28 झालं की दोघी घरात. एप्रिल-मेमध्ये याचा अर्थ सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहा-सातपर्यंत मुक्काम आतच, हे आधीच मान्य करून टाकावं.

पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट, दर दोन तासांनी पाण्याचा हबका. हे कोरड्या हवेत, म्हणजे घाटावर, चालतं. कोकणात आणि गोव्यात हवाच दमट, पाणी वाळत नाही, म्हणून गारवाही येत नाही. तिथे दाट सावली आणि पंखा एवढंच खरं. एक लिटरची गोठवलेली बाटली सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर त्या आपणहून तिला टेकून बसतात. उघडी बाटली नको, त्वचेला इजा होते.

उष्माघाताच्या खुणा: अंग सैल टाकून आडवं पडणं, तोंड उघडं, लाळ, कान लाल आणि गरम. लगेच सावलीत घेऊन साध्या पाण्याने कान आणि पाय ओले करायचे आणि डॉक्टरकडे न्यायचं. बर्फाचं पाणी ओतू नका.

खाणं

चारा हे मुख्य अन्न, दिवसरात्र समोर हवा. दात आयुष्यभर वाढतात आणि चाऱ्यानेच झिजतात. आयात केलेलं टिमोथी गवत महाग पडतं. फवारणी नसलेल्या जागची हरळी, मारवेल किंवा ऱ्होड्स गवत सावलीत वाळवून चालतं. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, प्रौढांना रोज नको: त्यात कॅल्शियम जास्त, मूतखड्याचा धोका.

माणसासारखंच गिनीपिगलाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. दर किलो वजनामागे दिवसाला 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं. वीस ग्रॅम ढोबळी मिरची आणि मूठभर कोथिंबीर यांत एका प्रौढाचं भागतं. पाण्यात थेंब टाकण्याची पद्धत सोडून द्या. जीवनसत्त्व उजेडात काही तासांत घटतं आणि चव बदलल्याने पाणी पिणंही कमी होतं. बटाटा, कांदा, लसूण, अळूची पानं वर्ज्य.

जून ते सप्टेंबर: ओल

पहिल्या पावसात तिन्ही बाजूंना प्लास्टिक लावलं ते चुकलं. दुसऱ्या दिवशी आत लघवीचा उग्र दर्प कोंडला होता, आणि तो अमोनिया फुप्फुसांना बाधतो. आता पावसाच्या बाजूलाच ताडपत्री, तीही वर सहा इंच मोकळी. गादीचं फ्लीस कापड रोज बदलायचं. भाताचं तूस वापरू नका, टोकं डोळ्यात जातात.

चारा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडला की बुरशी धरतो. सुती गोणीत, जमिनीपासून वर टांगलेला बरा. मूठ नाकाशी नेली आणि कुबट वास आला तर ती गोणीच बाद.

पावसाळ्यातलं सगळ्यात मोठं संकट माशीचं. मागच्या बाजूचे केस लघवीने ओले राहिले की माशी तिथे अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेकीला उचलायचं, मागची बाजू उजेडाकडे करायची आणि बोटाने केस उलटे फिरवायचे. अंडी तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळट पांढरी, केसांच्या मुळाशी पुंजक्याने चिकटलेली असतात. दिसली की विंचरून काढा, भाग कोरडा करा. अळी दिसली तर वेळ न घालवता डॉक्टर. नाकाभोवती किंवा कानामागे केस जाऊन खपली धरली तर बहुधा बुरशी. ती माणसालाही लागते, हात धुवा.

डॉक्टरांना आधीच विचारा की गिनीपिग पाहिलेत का. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन तोंडावाटे देऊ नये. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात आणि प्राणी दगावतो. कुत्र्याचं उरलेलं औषध यांना कधीच नको.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आठवड्यात 50 ग्रॅम घटलं तर दात आणि विष्ठा तपासायची, 100 घटलं तर तपासत बसायचं नाही, थेट डॉक्टर. बारा तास काहीच खाल्लं नाही तर तीही तातडीचीच बाब, कारण आतड्यांची हालचाल थांबत चाललेली असते.

दिवाळी, आणि उरलेलं काम

फटाक्यांचे चार दिवस मुक्काम घरात, खिडक्या बंद, लपायला उलटं खोकं आणि आत भरपूर चारा.

डिसेंबरच्या रात्रींसाठी पूर्व आणि उत्तरेला गोणपाटाचे दुहेरी पडदे शिवायचे आहेत, खालून गुंडाळून वर बांधता येतील असे. झोपायच्या कोपऱ्यातल्या फरशीवर तेव्हा लाकडी फळी येईल, उन्हाळ्यात गार लागणारी शहाबादी थंडीत अंगाची ऊब ओढून घेते. फळीसाठी बाभळीचा तुकडा काढून ठेवला आहे, रंधा मारायचा बाकी आहे.