ओळ कुठे मोडते
आज एकच कविता आधी मोबाइलवर वाचली, मग छापील संग्रहात. मोबाइलवर अक्षर मोठं केलं की लांब ओळ मधेच मोडून खाली येते, आणि कवीनं कुठे थांबलंय तेच कळेनासं होतं. कागदावर ती ओळ अखंड होती. शेवटच्या शब्दापुढे मोकळी जागा, तिथे आपोआप थांबायला झालं.

पण ज्यांना बारीक टाइप दिसतच नाही, त्यांच्यासाठी मोबाइलच खरा संग्रह! ब्रेलमध्ये (लुई ब्रेलनं १८२९ साली प्रसिद्ध केलेली सहा टिंबांची लिपी) न मावलेली ओळ खाली थोडी आत सरकवून घेतात, म्हणजे बोटांना कळतं की ओळ अजून संपलेली नाही. ई-बुकातही हे सहज जमतं. प्रकाशकांनो, एवढं कराच.