फायर पॉलिसी आहे, पण दुसऱ्याचं नुकसान कोण भरणार?

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे-महापेपर्यंत बऱ्याच छोट्या गाळ्यांत विमा म्हणजे फायर पॉलिसी, आणि तीही बँकेने कर्जासाठी मागितली म्हणून. त्यात तुमची मशिनरी आणि तुमचा माल येतो. तुमच्यामुळे दुसऱ्या कुणाला लागलं किंवा कुणाची गाडी चेपली, तर ती पॉलिसी कामाची नाही. त्यासाठी लायबिलिटी कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी उचलणारा विमा लागतो.

सुरुवात कामगारांपासून करावी. ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) असलेल्यांची भरपाई ईएसआय देते, उरलेल्यांसाठी डब्ल्यूसी, म्हणजे कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी. कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला फॅक्टर, असा हिशोब असतो. कामगार ३० वर्षांचा आणि पगार १२,००० असेल, तर ६,००० × २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये. प्रीमियम वाचवायला पगार ८,००० दाखवला, तरी भरपाई खऱ्या पगारावरच ठरते. विमा कंपनी मात्र जाहीर केलेल्या पगाराच्या प्रमाणात हात आखडता घेते आणि फरक मालकाच्या खिशातून जातो. कंत्राटदाराची माणसं असतील, तर त्यांचा उल्लेख आणि त्यांचं वेतन पॉलिसीत वेगळं लिहून घ्या, कारण कायद्याने त्यांना मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते. दवाखान्याचा खर्च बहुतेकदा जादा प्रीमियम भरूनच मिळतो. भरपाई थकवल्याचा दंड पॉलिसी भरत नाही.

जॉबवर्कवाल्यांची, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून देणाऱ्यांची, खरी गोची पुढेच आहे. पार्टीने मशीनिंगला किंवा प्लेटिंगला पाठवलेला माल तुमच्या गाळ्यात जळला, तर पब्लिक लायबिलिटीत (बाहेरच्या लोकांच्या इजा-नुकसानीच्या पॉलिसीत) क्लेम बसत नाही. तुमच्या ताब्यातल्या परक्या मालाला त्यात सरळ वगळलेलं असतं. हा माल फायर पॉलिसीतच घ्यायचा, ‘विश्वासाने ठेवलेला माल’ असा स्पष्ट उल्लेख करून आणि त्याची किंमत विमा रकमेत धरून. एजंट हे आपणहून विचारेलच असं नाही.

पब्लिक लायबिलिटीत दोन आकडे असतात: एका अपघाताला किती आणि अख्ख्या वर्षाला किती. १:१ घेतलं, म्हणजे दोन्ही आकडे सारखेच ठेवले, तर पहिल्याच मोठ्या क्लेममध्ये वर्षाचं कव्हर संपू शकतं. वादळात बोर्ड उडून खालच्या रिक्षावर पडला, तर ‘अॅक्ट ऑफ गॉड’ची (नैसर्गिक आपत्तीची) जोड घेतलेली आहे का, हे पाहिलं जातं. आपल्याकडचा पावसाळा पाहता ती घ्यावीच. यातल्या बऱ्याच पॉलिसी क्लेम्स-मेड असतात, म्हणजे दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते. नूतनीकरणात खंड पडला की जुनी रेट्रोअॅक्टिव्ह तारीख (जिच्यानंतरच्या घटना पॉलिसीत धरतात ती) जाते आणि आधी घडलेल्या घटनेचा नंतर आलेला दावा उघड्यावर पडतो.

अपघात झाल्यावर सर्वांत महागात पडते ती चांगुलपणाने दिलेली चिठ्ठी: ‘चूक आमची, आम्ही भरून देऊ.’ विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, तडजोडही करायची नाही. जखमीला दवाखान्यात जरूर न्या, फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी ई-मेल करा. वकिलाची नोटीस आली तर परस्पर उत्तर न देता तशीच कंपनीकडे पाठवा.

नोकरदार माणसाला एवढं सगळं लागत नाही. त्याचं मुख्य कव्हर गाडीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत असतं. इजा आणि मृत्यूसाठी त्यात मर्यादा नाही, पण खाजगी कारने दुसऱ्याच्या मालमत्तेचं केलेलं नुकसान साडेसात लाखांपर्यंतच. किरकोळ सवलतीसाठी ती मर्यादा ६,००० वर आणणारा पर्याय असतो. तो चुकून निवडला गेलाय का, एवढं पॉलिसीच्या कागदावर बघा. घोडबंदर रोडवर महागड्या गाडीला मागून ठोकलं, तर सहा हजारांत तिचा एक हेडलाइटही येत नाही.