तुम्ही विचारलंत म्हणून: आत्ता लावून देऊ का थांबू?

मी सीए आहे, व्हिसा कन्सल्टंट नाही. तरी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात रिटर्न भरायला येणाऱ्यांच्या बरोबरीने हल्ली पोरांच्या परदेशाच्या फायली घेऊन येणारे आईबाप असतात. बँकेला आणि दूतावासाला घराची एकूण मालमत्ता दाखवणारं नेटवर्थ सर्टिफिकेट लागतं, आणि ते सीएच्या सहीने, यूडीआयएन म्हणजे दाखल्याचा ओळख क्रमांक टाकून निघतं. सातबारा, आठ-अ, घराचं व्हॅल्युएशन, गुजरीतल्या सराफाने दिलेला दागिन्यांचा दाखला असं सगळं टेबलावर पसरलेलं असतं. सह्या होत आल्या की खुर्चीतला माणूस घसा खाकरतो. "मॅडम, पेपरात रोज नवीनच कायतरी येतंय. नियम बदलायच्या आत पोराला लावून देऊ, का एकदा नियम ठरू देत म्हणून थांबू?"

प्रश्न इतक्यांदा आला आहे की आता एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

नियम ठरेपर्यंत थांबायचं म्हणाल तर नियम ठरतच नसतो. ब्रिटनचंच घ्या. शिकून झाल्यावर दोन वर्षं काम करू देणारा पोस्ट स्टडी वर्क व्हिसा तिथं एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला. थेरेसा मे तेव्हा गृहमंत्री होत्या. जुलै २०२१ मध्ये ग्रॅज्युएट रूट नावाने तशीच सोय परत आली. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ती अठरा महिन्यांवर आणायचं म्हटलं गेलं, आणि १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना तो कमी काळ लागू होतो. म्हणजे २०१२ ला थांबलेला पोरगा नऊ वर्षं थांबला असता, आणि ज्यासाठी थांबला तो नियम सहा वर्षंही धड टिकला नाही.

आपल्या घरांत परदेशाचा निर्णय एका बैठकीत होत नसतो. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कुणीतरी पाव्हणा विषय काढतो. मग आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास. मग कर्जाला तारण काय, यावर घरात महिना-दोन महिने अबोला. बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, एनए (बिगरशेती) प्लॉट नाहीतर घर मागतात, म्हणून भावकीत वाटणीचा विषय निघतो, तलाठ्याकडे फेऱ्या सुरू होतात. दोन-तीन वर्षं या सगळ्यात जातात. तिकडं नियम बदलायला एक सही पुरते. माझ्या टेबलावर येणारं बहुतेक दुखणं या दोन वेगांच्या फरकातलं आहे. व्हिसा नाकारला गेल्याचं दुःख त्या मानाने साधं असतं, निदान ते कळतं तरी.

कॅनडाचा हिशोब सांगते, कारण तो उसात मांडता येतो. तिकडं शिकायला जाणाऱ्याने राहण्या-खाण्यापुरते १०,००० कॅनेडियन डॉलर दाखवले की चालायचं. कित्येक वर्षं हाच आकडा होता. १ जानेवारी २०२४ पासून तो २०,६३५ झाला, सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. पहिल्या वाढीचेच रुपये केले तर साडेसहा लाखांच्या आसपास जातात. त्या हंगामात टनाला तीन हजाराच्या आगेमागे दर धरा, एकरी चाळीस टन उतारा धरा. दोनशे टनांहून जास्त, म्हणजे पाच एकरांचा अख्खा ऊस झाला, तोही खत, पाणी, तोडणी काहीही वजा न करता. ज्याच्याकडे अडीच एकर आहे त्याने काय दाखवायचं? कॅनडा सरकारचं म्हणणं असं की जुना आकडा महागाईच्या मानाने फार मागे पडला होता, पोरं तिथं जाऊन हाल काढत होती. खोटं नाही ते. पण त्या आकड्यावर हिशोब बांधून ज्यांनी एफडी केल्या होत्या त्यांची फाईल रातोरात अपुरी झाली.

शेतकऱ्याच्या फायलीची आणखी एक पंचाईत. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे कित्येकांचं रिटर्नच नसतं. कारखान्याचं बिल वर्षातून एकदोनदा जमा होतं, बाकीचे महिने खातं कोरडं. ब्रिटनला मात्र पैसे सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात, एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी परत पहिल्यापासून. रक्कम वाढली की जास्तीचे पैसे कुठून तरी उचलून खात्यात टाकले जातात, आणि अचानक आलेली मोठी रक्कम बघून अधिकाऱ्याच्या भुवया वर जातात. नियम कागदावर सगळ्यांना सारखाच असतो. पगारदार बापाला तो पेलतो आणि उसाच्या बिलावर जगणाऱ्या बापाला अडवतो.

आता सप्टेंबर २०२५ चं घ्या. अमेरिकेत शुक्रवारी, १९ तारखेला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी घोषणापत्रावर सही केली: तिथं नोकरी करायला लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर. आपले जवळजवळ ८८ लाख. अंमल रविवारी तिथल्या मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती आणि सोमवारी घटस्थापना. अंबाबाईच्या नवरात्राला म्हणून सुट्टी काढून आलेली पोरं इथं होती. माझ्या ओळखीच्या एका घरात शनिवारी सकाळी फोन बघितला तेव्हा जेमतेम सव्वीस तास हातात होते. कोल्हापूर ते मुंबई विमानतळ आठ तास, तिथं तीन तास आधी पोचायचं, पुढं पंधरा-सोळा तासांचा थेट प्रवास. कुठूनही मांडलं तरी गणित बसत नव्हतं. तरी बॅग भरली, कारण मोठ्या कंपन्यांनी आपल्या माणसांना ताबडतोब परत या म्हणून कळवलं होतं. नंतर खुलासा आला: ही रक्कम नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना नाही. पोरगा तोवर पुण्याच्या पुढं गेला होता. आई म्हणाली, "खुलासा आदी द्याचा आन् मग सही करायची न्हाई व्हय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो आदेश वाचूनही कुणाला लागू, हे कळत नव्हतं. मला यात शिकण्यासारखी गोष्ट हीच दिसते. नियम बदलला म्हटल्यावर आपण काय बदललं ते वाचतो. त्याच्या इतकंच महत्त्वाचं असतं की तो आपल्या कुठल्या तारखेला धरतो: कोर्स सुरू होण्याच्या, अर्ज भरल्याच्या, निकालाच्या, का देशात पाऊल टाकण्याच्या. ब्रिटनने विद्यार्थ्यांना नवरा, बायको, मुलं सोबत आणायला बंदी केली ती मे २०२३ मध्ये जाहीर झाली, आणि १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सेसना लागली. संशोधनाच्या पदव्या वगळल्या. सात महिने तरी मिळाले. (त्या सात महिन्यांत आमच्याकडे काही लग्नं किती घाईने उरकली, ते कार्यालयवाल्यांना विचारा. आणि जानेवारीच्या बॅचला गेलेल्याची नवी बायको सासरी एकटी राहिली, तिला कुणीच काही विचारलं नाही.) याच्या उलट कॅनडाची स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम. भारतासारख्या काही देशांतल्या विद्यार्थ्यांचे अर्ज लवकर हातावेगळे करणारी ती रांग ८ नोव्हेंबर २०२४ ला जाहीर झाली आणि त्याच दिवशी बंद. तिथल्या दुपारी दोनच्या आत पोचलेले अर्ज जुन्या पद्धतीने, नंतरचे साध्या रांगेत. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता.

लोक म्हणतात, पण आम्ही पैसे भरलेत, जुन्या नियमाने अर्ज केलाय, कायदा काय म्हणतो? ब्रिटनच्या सर्वोच्च पातळीवर हा प्रश्न गेलेला आहे. ओडेलोला नावाच्या नायजेरियन डॉक्टरने जानेवारी २००६ मध्ये फी भरून अर्ज केला. त्यावेळच्या नियमात ती बसत होती. निकाल लागायच्या आत, एप्रिलमध्ये, नियम बदलला: पदवी ब्रिटनमधलीच हवी. अर्ज फेटाळला. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने, सांगितलं की वेगळं काही लिहिलेलं नसेल तर निकालाच्या दिवशी जो नियम असेल तो लागू. अर्ज केला म्हणून जुन्या नियमावर हक्क तयार होत नाही. त्याच्या वर्षभर आधी मात्र तिथल्याच हायकोर्टाने उलट्या बाजूने निकाल दिला होता. उच्च कौशल्याच्या योजनेत आधीच ब्रिटनमध्ये येऊन राहिलेल्यांना २००६ चे नवे, कडक निकष लावणं बेकायदा ठरलं, कारण कायमचं राहता येईल अशा भरवशावर त्यांना बोलावलं होतं आणि ते आपल्या देशातली नोकरी-घर सोडून आले होते. त्यात आपल्याकडचेही बरेच होते. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की माझ्या टेबलासमोरच्या माणसाची जागा कळते. तो अजून इकडेच आहे, त्याने घर सोडलेलं नाही, नुसती फी भरली आहे. त्याच्या मागे फार थोडा कायदा उभा असतो.

यावर चिडणारे खूप भेटतात. त्यांना मी शिरोलीची आठवण करून देते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत बिहार-ओडिशाची पोरं भट्टीपाशी उभी असतात म्हणून माल निघतो, आणि चहाच्या टपरीवर त्यांच्याबद्दल आपण काय बोलतो ते मी ऐकलेलं आहे. टोरांटोतल्या घरभाड्याने वैतागलेला मतदारही तसंच काहीतरी बोलत असणार. फरक एवढाच की त्याचं ऐकून तिथलं सरकार आकडा बदलू शकतं.

तर मग लावून द्यायचं का थांबायचं? माझ्यापुरतं मी असं करते. सर्टिफिकेटबरोबर एक जास्तीचा कागद काढून देते, कुणी मागितला नसला तरी. समजा चाळीस लाख कर्ज, अकरा टक्के, दहा वर्षं. हप्ता पंचावन्न हजार. तो मी पाउंडात, डॉलरमध्ये मांडत नाही. पोरगं पदवी घेऊन परत आलं, पुण्यात नोकरीला लागलं, तर तो हप्ता जातो का, एवढंच बघते. जात असेल, किंवा घरातून निम्मा भरता येत असेल, तर खुशाल जाऊ दे, वर्क परमिट मिळालं तर वरची साय. जात नसेल तर तुम्ही शिक्षणासाठी कर्ज काढत नाही आहात, परदेशातल्या एका सरकारच्या मर्जीवर घर गहाण टाकताय. हे वाक्य मी तोंडावर म्हणते. काहीजण उठून दुसऱ्या सीएकडे जातात.

"या महिन्यातच भरा, पुढच्या महिन्यात दार बंद" असं सांगणाऱ्या कन्सल्टंटला एक प्रश्न जरूर विचारा: तुम्हाला कॉलेजकडून कमिशन किती? सगळे वाईट नसतात. पण घाई त्यांच्या फायद्याची असते, आणि घाईत निवडलेला कोर्स बहुतेकदा असा निघतो की ज्याला नंतर परमिटच मिळत नाही. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून पुष्कळशा कॉलेज डिप्लोमांना विषय ठराविक यादीत असल्याशिवाय वर्क परमिट मिळत नाही. यादी सरकारी संकेतस्थळावर फुकट बघायला मिळते. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाची फी तर जुलै २०२४ मध्ये ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १,६०० आणि वर्षाने २,००० झाली. अर्ज नाकारला तर ती परत येत नाही, त्यामुळे 'बघू तरी टाकून' हा प्रकार तिथं फार महाग पडतो.

आणि जी पोरं आधीच तिकडं आहेत त्यांच्या घरच्यांनी इकडं बातम्या बघत बसण्यापेक्षा तारखा बघाव्यात. सप्टेंबर २०२५ ला वर्षाच्या मास्टर्ससाठी ब्रिटनला गेलेल्या एका मुलीची आई परवा आली होती. शिकून झाल्यावर कामाला दोन वर्षं मिळणार म्हणून निवांत होती. ग्रॅज्युएट रूटचा अर्ज कोर्स संपला म्हणून करता येत नाही. मुलगी पास झाल्याचं विद्यापीठाने तिथल्या गृहखात्याला कळवावं लागतं, मगच करता येतो. प्रबंध सप्टेंबरात दिला, निकाल डिसेंबरात लागला आणि विद्यापीठाने नाताळच्या सुट्टीनंतर कळवलं, तर अर्ज २०२७ मध्ये पडणार आणि दोन वर्षांचे अठरा महिने होणार. म्हणून तिला सांगितलं, मुलीला आजच विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला मेल टाकायला सांगा: आमच्या बॅचचा निकाल गृहखात्याला कुठल्या तारखेला कळवणार, आणि ही तारीख ३१ डिसेंबरच्या आत बसवता येईल का. उत्तर लेखी मागा. आई म्हणाली, रात्री तिचा फोन असतो, तेव्हा सांगते. मी म्हटलं, आत्ताच लावा, तिकडं ऑफिसं उघडायची वेळ झाली आहे.