पाटील, चौधरी आणि तीनदा परत आलेला पेपर : माझा अनुभव

जर्नलचा तिसरा मेल आला तेव्हा मी यावलला माहेरी होते, रात्रीचे दहा वाजून गेलेले. मेलमध्ये एकच ओळ, आधीच्या दोन्ही वेळी होती तीच, की रेफरन्सेस आमच्या स्टाइलप्रमाणे नाहीत, दुरुस्त करून परत सबमिट करा. कोणता रेफरन्स, मजकुरातला चुकलाय का शेवटच्या यादीतला, काही म्हणजे काही नाही. एकूण ६२ रेफरन्स होते. पेपर केळीवरच्या कुकुंबर मोझॅक व्हायरसचा, आपल्याकडे शेतकरी हरण्या म्हणतात तो. रावेर-यावल पट्ट्यात दोन हंगाम फिरून पानांचे नमुने गोळा केलेले, आणि एवढं करून पेपर रिव्ह्यूअरच्या हातात पोचतच नव्हता. त्या एका ओळीचा राग मला अजून येतो.

पहिल्यांदा परत आला ती चूक माझीच होती. मी झोटेरो वापरते, म्हणजे रेफरन्स साठवून ते जर्नलच्या पद्धतीने मांडून देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि त्याच्या स्टाइलच्या यादीत दहा हजारांवर स्टाइल्स आहेत, त्यात मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच जर्नलची निवडली गेली होती. दुसऱ्यांदा टायटल्सचा घोळ. काहींमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, काहींमध्ये नाही, कारण वेबसाइटवरून जसं आलं तसं मी सेव्ह करत गेले. हे आत्ताच सांगून ठेवते, झोटेरोत टायटल कायम सेंटेन्स केसमध्येच ठेवा, म्हणजे फक्त पहिला शब्द आणि विशेषनामं कॅपिटल, कारण त्यावरून सगळे शब्द कॅपिटल करणं त्याला जमतं, उलटं जमत नाही. टायटलवर राइट क्लिक केलं की बदलायचा पर्याय येतो, फक्त नंतर विशेषनामं एकदा डोळ्याखालून घाला.

पण तिसऱ्यांदा? स्टाइल बरोबर, टायटल्स बरोबर, मला कळेचना. शेवटी सगळा पेपर प्रिंट करून आणला, त्याच जर्नलमध्ये छापून आलेला एक पेपर शेजारी ठेवला, आणि खाटेवर बसून मजकुरातला एकेक कंस पेनाने टिक करत गेले. आई दोनदा येऊन म्हणाली, झोप व माय आता. मधे लाइट गेली तर मोबाइलच्या उजेडात बसले. दीडच्या सुमारास दिसलं. बाकी सगळीकडे नुसतं आडनाव, एट अल (म्हणजे ‘आणि इतर’) आणि साल, पण ९ ठिकाणी आडनावाच्या आधी इनिशियल्स आलेली. आणि ते नऊच्या नऊ पाटील, चौधरी नाहीतर महाजन!

केळीवर काम म्हटलं की संदर्भांत जळगाव-धुळ्याची माणसं येणारच, आणि ती आली की हीच आडनावं येणार. झोटेरोला एकाच आडनावाचे दोन वेगळे लेखक दिसले की वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून ते आपणहून इनिशियल्स लावतं. नियम चांगला आहे, माझी काही तक्रार नाही. पण वेगळे म्हणजे खरंच वेगळे आहेत का, हे त्याला कुठून कळणार? एकाच पाटील सरांचे माझ्याकडे तीन पेपर, एकात नावाचं नुसतं एक अक्षर, दुसऱ्यात वडिलांच्या नावासकट दोन अक्षरं, तिसऱ्यात पूर्ण नाव. झोटेरोच्या हिशेबाने ही तीन माणसं. एका चौधरींचं तर वेबसाइटनेच उलटं करून ठेवलेलं, नाव आडनावाच्या रकान्यात आणि आडनाव नावाच्या, त्यामुळे ते यादीत भलत्याच अक्षराखाली जाऊन बसलेले आणि मला इतके दिवस दिसलंच नाही.

मग दोन दिवस तेच काम. प्रत्येक पेपरची पीडीएफ उघडायची, पत्ता बघायचा, सोबतचे लेखक बघायचे, ऑर्किड नंबर असेल तर तो बघायचा (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, २०१२ मध्ये आलेली सोय, त्यामुळे जुन्या पेपरांवर नसतोच), आणि माणूस एकच असेल तर सगळीकडे नाव सारखं करायचं. एका ठिकाणी काही केल्या ठरेना, तेव्हा सरळ त्या सरांनाच मेल टाकला, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, हो, दोन्ही माझेच. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. एका मॅडमचं मात्र लग्नाआधी आणि नंतर आडनाव वेगळं होतं, तिथे हात लावला नाही, पेपरवर जे आडनाव छापलंय तेच राहणार. ९ पैकी ६ ठिकाणची इनिशियल्स गेली, ३ राहिली कारण ती माणसं खरंच वेगळी होती, आणि ते मी एडिटरला कव्हर लेटरमध्ये लिहून टाकलं.

हे करताना अजून एक भानगड सापडली. पाच सायटेशन्स, म्हणजे मजकुरातले कंसातले संदर्भ, अपडेटच होईनात. लॅबमधल्या ज्युनियरला फाइल पाठवली तर त्याचा लगेच फोन, ताई, ही मेलेली आहेत, साधा मजकूर झालाय त्यांचा. झालं असं की आमच्या लॅबच्या सरांनी करेक्शन्स गूगल डॉक्समध्ये केलेली आणि तिथूनच मी तेवढे परिच्छेद कॉपी-पेस्ट केले होते. वर्डमध्ये सायटेशनवर क्लिक केलं आणि ते राखाडी झालं तर जिवंत, नाहीतर गेलं. फाइल गूगल डॉक्समध्ये न्यायचीच असेल तर आधी झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधून वर्ड प्रोसेसर बदलायचा पर्याय वापरा. आणि फील्ड्स (झोटेरोशी जोडलेली ही जिवंत सायटेशन्स) काढून साधा मजकूर करायचाच असेल तर तो अगदी शेवटी, तोही कॉपीवर, मूळ फाइल तशीच ठेवायची.

जर्नलच्या नावांचे शॉर्टफॉर्म लागत असतील तर त्याच प्रेफरन्सेसमध्ये मेडलाइनचे (वैद्यकीय जर्नल्सची सूची) शॉर्टफॉर्म आपोआप घ्यायची टिक असते, शेतीची बरीच जर्नल्स मेडलाइनमध्ये नाहीत, म्हणून मी ती काढली आणि रकान्यात हाताने भरले. एकाच शब्दाचं नाव असेल तर ते कापायचं नसतं. मावा किडीचं शास्त्रीय नाव टायटलमध्ये इटॅलिक हवं असेल तर त्याच्या आगेमागे एचटीएमएलचा आय टॅग टाका, झोटेरो तो ओळखतं.

चौथ्यांदा पाठवला आणि चार दिवसांत स्टेटस बदललं, विथ एडिटर, म्हणजे पेपर एडिटरकडे पोचला. मी ऑफिसातून पहिला फोन आईला केला. पण माझं म्हणणं आहेच, तपासणाऱ्याला तर दिसलेलं असतं काय चुकलंय, त्याने नुसतं एवढं लिहिलं असतं की अमुक पानावरची इनिशियल्स बघा, तर माझे सात आठवडे वाचले असते.

आता लॅबची झोटेरोवर ग्रुप लायब्ररी केलीय, नावं दुरुस्त केलेले सगळे पाटील-चौधरी त्यात आहेत, नवीन पेपर टाकताना आधी लेखकांचे रकाने तपासायचे असं सगळ्यांना सांगितलंय.

डीओआयचं, म्हणजे प्रत्येक पेपरच्या कायमच्या ओळख क्रमांकाचं, राहिलंच. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफच्या साइटवर अख्खी यादी पेस्ट केली की सापडतील तेवढे डीओआय एकदम मिळतात, सगळे १० या आकड्याने सुरू होतात. जुन्या कृषी नियतकालिकांना बहुतेक वेळा नसतोच, तिथे रकाना रिकामा सोडा. शोधगंगेवरच्या (भारतातल्या विद्यापीठांच्या थिसिसची साइट) थिसिसला हँडलची, म्हणजे कायमच्या पत्त्याची, लिंक असते, ती डीओआयच्या रकान्यात टाकू नका, यूआरएलच्या रकान्यात टाका.