उसाचा पट्टा आणि उचलीवर चालणारी घरे

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावे रिकामी होऊ लागतात. म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवता येतील तेवढी मुले मागे राहतात. बाकीची घरे भांडीकुंडी, पीठमीठ आणि शेळ्या-कोंबड्यांसह ट्रॅक्टरमध्ये बसून पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला निघतात. ही माणसे निघतात तेव्हा त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांच्या कष्टाचे पैसे बहुतेक वेळा खर्चूनही झालेले असतात. पावसाळ्यातच मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एका कोयत्याला पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत रक्कम मिळते. ती जुने देणे, दवाखाना, मुलीचे लग्न आणि कोरडवाहू शेतातले बियाणे यांत जाते.

श्रीमंती आणि गरिबी यांचा माणसांवर काय परिणाम होतो, याचा विचार करताना मला नेहमी ही उचलच आठवते. पैसा असलेल्या माणसाला थांबता येते. भाव पडला तर तो माल घरात ठेवू शकतो, अपमान झाला तर नोकरी सोडू शकतो, मुलीचे शिक्षण संपेपर्यंत तिच्या लग्नाचा विषय बाजूला ठेवू शकतो. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याला यातले काहीच करता येत नाही, कारण त्याचे येणारे दिवस आधीच दुसऱ्याच्या वहीत लिहिलेले असतात. गरिबीचा सर्वांत खोल घाव मला इथे दिसतो.

फडातला हिशेब पाहावा. दोघे मिळून पहाटेपासून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरतात; चांगला दिवस असला तर दीड-दोन टन माल निघतो. जानेवारी २०२४ मध्ये संघटनांच्या आंदोलनानंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, आणि ती मोठीच होती. पण वाढलेला दरही आधी उचलीत वळता होतो. आजारपणाने किंवा घरच्या मयतीने एक दिवस काम बुडाले की तो खाडा ठरतो आणि त्याचा दंड धरला जातो. पाऊस पडून फड चिखलात गेला, कारखाना बंद पडला, गाडी वेळेवर आली नाही, तरी नुकसान मजुराचेच. हंगामाच्या शेवटी बाकी निघाली तर ती पुढच्या वर्षावर फिरते, म्हणजे पुढच्या वर्षी कुठे, कोणाकडे आणि किती दराने जायचे हेही आजच ठरून जाते.

अशा माणसाला आपण सहज सांगतो की नियोजन करा, बचत करा, दूरचा विचार करा. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ या संशोधकांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पाहणी करून २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्याच शेतकऱ्यांना त्यांनी पीक निघण्यापूर्वी, हात आखडलेला असताना, आणि पैसे हाती आल्यानंतर विचारशक्तीच्या सारख्याच चाचण्या दिल्या. पैसे येण्यापूर्वी त्यांची कामगिरी स्पष्टपणे कमी भरली. माणसे तीच होती. फक्त ओढाताणीने त्यांच्या मनातली जागा व्यापली होती. ज्यांच्या आयुष्यात पीक निघाल्यानंतरचा तो सुटकेचा महिना कधी येतच नाही, त्यांच्याबद्दल ‘यांना अक्कल नाही’ असे बोलताना आपण दहा वेळा विचार करायला हवा.

या व्यवस्थेचे सर्वांत क्रूर ओझे बाईच्या शरीरावर पडते. राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, आणि विश्रांती घेतलीच तर खाडा. पोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, कायमचा त्रास जाईल’ असे सांगणे सोपे होते, कारण ऐकणाऱ्या बाईलाही पुढचा हंगाम दिसत असतो. शस्त्रक्रियेचे पैसे पुन्हा उचलीतूनच येतात. लग्नांचेही तसेच आहे. एकटा मुलगा म्हणजे अर्धा कोयता, लग्न झाले की पूर्ण उचल. आणि मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे हा आईबापांचा प्रश्न खोटा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातले बालविवाहाचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते, तर बीडमध्ये ते ४० टक्क्यांहून अधिक आढळले. प्रबोधनाचे फलक लावून हे आकडे खाली येतील असे मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू. मी ज्या घरात वाढलो ते बारामतीच्या बाजूचे, ऊस लावणाऱ्यांचे घर. आमच्या भागातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जरोखे जाळले होते. तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, आणि १८७९ मध्ये इंग्रज सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जाबाबत स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे कालव्यांचे पाणी आले, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या सुमारास त्याचा पहिला हंगाम झाला, आणि सावकाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. या श्रीमंतीने आमच्यावर उपकारच केले. त्या पैशातून शाळा निघाल्या, महाविद्यालये निघाली, दवाखाने आणि पतसंस्था आल्या, आमच्या बहिणी शिकल्या. मी तिच्याविरुद्ध एक शब्दही हलका बोलणार नाही.

पण सावकाराच्या वहीतून आमचे नाव ज्या उसाने खोडले, तो तोडायला येणाऱ्यांचे नाव तशाच दुसऱ्या वहीत आहे, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. श्रीमंती आली की चार पिढ्यांपूर्वीची आपली ओढाताण किती लवकर विसरली जाते! बांधावर मी अनेकदा ऐकले आहे की ही माणसे उचल बुडवून पळतात. मजुरांच्या काही टोळ्या बुडवतात, हे खरे आहे. घर गहाण ठेवून ट्रॅक्टर घेतलेला वाहतूकदार त्यात उद्ध्वस्त होतो आणि मुकादमही कर्जातच अडकलेला असतो. मात्र आमचे पणजोबा रोखे जाळत होते तेव्हा सावकारही त्यांना नेमके बुडवे आणि बेइमानच म्हणत असणार.

उचलीच्या मोबदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंद झाले आहे. तरी कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये मुकादम उभा असल्याने मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर कुठेच दिसत नाही. मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या आणि बऱ्याच ठिकाणी मिटल्या. हंगामी वसतिगृहांची सोय झाली, पण ती अपुरी आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. माझे मागणे याहून थोडे पुढचे आहे. तोडणीचा करार कारखान्याने थेट मजुराशी करावा, तोही नवरा आणि बायको यांच्याशी वेगवेगळा. दर पंधरवड्याला प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात मजुरी जमा व्हावी, खाड्याचा दंड पूर्णपणे बंद व्हावा, आणि उचल लागलीच तर ती बँकेने द्यावी, म्हणजे तिची नोंद मजुराच्याही हातात राहील. सभासद शेतकऱ्याला पीककर्ज देणारी यंत्रणा याच पट्ट्यात इतकी वर्षे चालू आहे, त्यामुळे हे अशक्य म्हणता येणार नाही.

हे लवकर व्हायला हवे, कारण आमच्याकडच्या मोठ्या फडांत आता ऊसतोडणीची यंत्रे उतरू लागली आहेत. यंत्र आले की कोयत्याचे काम जाईल, पण वहीतली बाकी तशीच राहील, आणि ती फेडण्यासाठी बीडकडच्या बालाघाट डोंगरातल्या त्या गावांत दुसरे काम अजून कोणी उभे केलेले नाही.